शेवटच्या बांधीतली रेंज

कोहमाऱ्याच्या फाट्यावर माझं मोबाईलचं दुकान आहे. ट्रकवाले, ढाबेवाले, बाजाराला आलेली माणसं, सगळे एकच विचारतात, "कोनाची रेंज चांगली?" या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. अरे बाबा, चांगली कुठे? तुझ्या घरात, वावरात की सासुरवाडीत? पण गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवलं की ते समोरच्या दुकानात जातं, म्हणून तोंडाला येईल ते नाव सांगून मी मोकळा होत असे. होत असे म्हणतो, कारण गेल्या वर्षीच्या धानाच्या रोवणीत भोजराज काकाजींचं जे झालं त्यानंतर माझी ती हिंमत गेली.

भोजराज काकाजी खैरटोल्याचे पाणकर. गावच्या तळ्याचं पाणी कोणाच्या बांधीला, धानाच्या खाचराला, कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं आणि पाळ, म्हणजे तळ्याचा मातीचा बांध, सांभाळायची, हे पाणकराचं काम. काकाजी कोहळी, तळी बांधणाऱ्या जातीचे. त्यांच्याच वाडवडिलांनी हे तळं बांधलं असं गाव मानतं, आणि बांधणाऱ्याच्या घरातच पाणकरकी राहिली. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि आतून कायम भ्यालेला माणूस. ही मी त्यांची निंदा करत नाही. "पान्याले जो भेत नाई त्याले पानकर ठेवू नये," असं तेच म्हणायचे.

पावसाळ्याचे चार महिने त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. पाळीच्या पायथ्याला जिथे जिथे पाणी झिरपतं तिथे जाऊन ते ओंजळीत घेऊन बघत. पाणी नितळ असेल तर भीती नाही, मातीची पाळ थोडी पाझरणारच. पण झिरपणारं पाणी गढूळ आलं तर समजायचं की पाळ आतून माती सोडते आहे. गढूळ पाणी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या बोटाला धरून. त्या वर्षी खालच्या बांध्यांतून तीन बैल आणि एक म्हातारी वाहून गेली. ती गोष्ट सांगताना आजही त्यांचा आवाज बसतो.

त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, जुन्या कंपनीचा. मग वरून फर्मान आलं की प्रत्येक तळ्याच्या पाण्याचा फोटो रोज सकाळी ग्रुपवर टाकायचा. मुलगा हिमांशू नागपूरला असतो, त्याने स्मार्टफोन पाठवला. काकाजी तो पंचात गुंडाळून माझ्या दुकानात घेऊन आले.

"इंद्रकुमार, याच्यात जुनं कार्ड चालते का?"

"चालते काकाजी, पण त्या कंपनीचं नेट बैलगाडी आहे. फोटो सकाळी टाकला तं संध्याकाळी पोचते. नव्या कंपनीचं घ्या, डेटा पायजे तेवढा."

"आन् रेंज?"

झालं, पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, फोनमध्ये दोन कार्डांची सोय आहे, एक जुनं राहू द्या, एक नवं टाका. ते चक्क दुखावले. "एका तऱ्याले दोन पानकर नसतात. दोघं असले का दोघंई समजतात, दुसरा पायते." मी नव्या कंपनीचं एक कार्ड दिलं आणि म्हटलं, चार दिवस वापरून बघा.

ते बघायला गेले कुठे, तर तळ्यापासून अर्धा कोस खाली, नाल्याकाठच्या शेवटच्या बांधीत. हे त्यांचं पाणकराचं डोकं. खैरटोल्यात पाणी आधी शेवटच्या बांधीला द्यायची रीत आहे. शेवटच्याला मिळालं म्हणजे वाटेतल्या सगळ्यांना मिळालंच, कोणाची तक्रार नाही, भांडण नाही. तोच हिशेब त्यांनी रेंजला लावला. शेवटच्या बांधीत उभं राहून फोन लावला, चारही काड्या भरलेल्या. तिथूनच हिमांशूशी व्हिडिओवर बोलले, त्याला रोवायचं परं, धानाची रोपं, दाखवलं आणि खूश होऊन दुकानात परत आले.

"शेवटपर्यंत पोचते," म्हणाले. "हेच पक्कं कर. यशोदाचंबी याच कंपनीत टाक."

रेंज पाण्यासारखी तळ्याकडून उतरत येत नाही, ती नाल्यापलीकडच्या टॉवरवरून येते, हे मला कळत होतं. पाळ त्या टॉवरपासून सर्वांत लांब आणि मध्ये जंगलाचा उंचवटा, हेही कळत होतं. "एकदा पाळीवर चढून बघा" हे वाक्य अगदी जिभेवर होतं. पण दुकानात गर्दी होती, आणि ते इतके खूश होते. मी नवरा-बायको दोघांचे नंबर नव्या कंपनीत बदलून दिले. ते न बोललेलं वाक्य मला अजून टोचतं.

पाळीवर रेंज नाही हे त्यांना कसं कळलं नाही, असं कोणीही विचारेल. ते फोटो पाळीवर काढत आणि घरी येऊन टाकत. पाळीवरून फोन लावायची वेळच आली नाही. वेळ आली ती श्रावणातल्या एका दुपारी.

तीन दिवस झड लागली होती. तळं काठोकाठ भरलेलं. शेवटच्या बांधीत त्यांचाच रोवणा चालू होता, सून पुष्पांजली आणि अकरा बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या. यशोदाबाई धरून तेरा जणी. काकाजी सकाळपासून पाळीवर एकटेच. बाराच्या सुमाराला त्यांनी पायथ्याशी वाकून ओंजळ भरली आणि पाणी चहासारखं निघालं.

त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा तेच. हाताएवढ्या भोकातून गढूळ पाणी बुडबुडत येत होतं, आणि वर सगळं तळं. "मी बसलोच रे," ते मला म्हणाले. पाळ फुटली तर पाणी सरळ नाल्याकडे धावणार, आणि नाल्याकाठी सगळ्यांत खोलगट जागा म्हणजे ती शेवटची बांधी. वाकून काम करणाऱ्या बाईला मागून येणारं पाणी दिसत नाही, आणि पावसात ऐकूही येत नाही.

त्यांनी फोन काढला. रेंज नाही. पाळीवर चढले, हात उंच केला. नाही. पळसाच्या झाडावर चार हात चढले. तिथेही नाही. ओल्या बोटाने ते पुष्पांजलीचा नंबर दाबत राहिले आणि फोन मुका तो मुकाच. भोक बुजवायला वाळूची पोती पाळीवर रचलेली होती. थांबून पोती टाकावीत तर खाली बाया, बायांना सांगायला जावं तर मागे पाळ उघडी. एक फोन लागला असता तर दोन्ही झालं असतं. त्यांनी फावडं टाकलं, अंगावरचं प्लास्टिक फेकलं, चिखलात घसरणाऱ्या चपला काढल्या आणि पाटाच्या काठाने, धुऱ्यावरून, धावत सुटले. वय साठ.

बांधी दिसू लागली आणि खिशातला फोन टणटण वाजायला लागला. रेंज आली होती. सकाळपासूनचे ग्रुपवरचे सगळे निरोप एकदम कोसळत होते. ज्यांना फोन करायचा त्या हाकेच्या अंतरावर आल्यावर फोन सुरू झाला! काकाजी ओरडले, "निंगा! निंगा बाहेर! पार फुटून रायली!" बायांनी परं तिथंच टाकलं आणि एकमेकींना ओढत टेकाडावर चढल्या. काकाजींनी धापा टाकत माणसं मोजली. सुनेला धरून बाराच होत्या.

"तुयी सासू कोटी हाय?"

पुष्पांजलीचा चेहरा उतरला. "त्या तं तुमच्याचकडे गेल्या ना बाबाजी. पानी वाढलं म्हनून घरून डबा घेऊन येतो म्हनल्या. घंटा झाला. तुमाले नाई भेटल्या?"

यशोदाबाई गावातल्या रस्त्याने गेल्या होत्या, काकाजी पाटावरून आले होते. म्हणजे आता त्या पाळीच्या पायथ्याशी, त्या भोकापाशी होत्या. काकाजींनी फोन लावला. इथे चारही काड्या होत्या. एक गोड आवाजाची बाई शांतपणे सांगू लागली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. त्यांनी पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोडवा. "तिचा गरा दाबावा वाटला," काकाजी म्हणाले. पुष्पांजलीने गावात फोन करून माणसं बोलवायला घेतली तोवर ते परत पळाले होते, आता चढाच्या दिशेने.

तो अर्धा कोस त्यांना आठवत नाही. प्रत्येक वळणावर समोरून पाण्याची भिंत येईल असं वाटत होतं, एवढंच ते सांगतात. पाळ नजरेच्या टप्प्यात आली तेव्हा पावसातून एक हाक ऐकू आली. "भोजराज! ओ भोजराज!" ते जागीच थांबले. गावात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि हा आवाज तर यशोदाबाईंचा होता. चौतीस वर्षांच्या संसारात ते नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, हळदीकुंकवाच्या उखाण्यातसुद्धा गाळायच्या.

त्या पायथ्याशी चिखलात गुडघे टेकून होत्या. आल्या तेव्हा त्यांना काय दिसलं होतं? गढूळ पाणी, फावडं, प्लास्टिक, चपला. माणूस नाही. माणूस तळ्यात गेला, असंच त्यांना वाटलं. फोन लावून पाहिला, लागला नाही. पण त्याही कोहळ्याचीच लेक. रडत, हाका मारत त्यांनी एकेक पोतं पाळीवरून लोटलं होतं आणि भोकाभोवती रचलं होतं. नऊ पोती. ओलं वाळूचं पोतं दोन गड्यांना उचलवत नाही.

काकाजी समोर उभे राहिले तेव्हा यशोदाबाईंनी आधी बघितलंच नाही, हाक मारतच राहिल्या. मग बघितलं, आणि हातातल्या चिखलाचा गोळा त्यांच्या छातीवर मारला.

"कोटी गेल्ते? काऊन गेल्ते चपला टाकून?"

काकाजी त्यांच्या शेजारी बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग दोघांनी मिळून दहावं पोतं लोटलं. अर्ध्या तासाने गाव आलं, भोक दाबायला धानाचं तणस आलं, माती आली. संध्याकाळी पाणी नितळ झालं. पाळ राहिली.

तिसऱ्या दिवशी दोघं दुकानात आले. सगळं मला कळलं ते तेव्हा, तुकड्यातुकड्याने, एकमेकांचं वाक्य तोडत. माझी मान वर होईना. ते न बोललेलं वाक्य मी तेव्हा बोलून टाकलं, मला आधीच माहीत होतं हे कबूल केलं. यशोदाबाई म्हणाल्या, "जुन्याचंबी कार्ड टाक. दोघाईच्या फोनमंधी. आन् तू संग चाल, आमी दाखवतो कोटी लागाले पायजे ते."

दुकानाचं शटर ओढून मी गेलो. उघाड पडली होती. काकाजी पाळीवर गेले, भोक पडलं होतं त्या जागी. मी आणि यशोदाबाई शेवटच्या बांधीत. पाळ तिथून एक हिरवी रेघ दिसते आणि तिच्यावरचा माणूस ठिपक्याएवढा. जुन्या कंपनीच्या इथे दोनच काड्या. मग फोन वाजला.

यशोदाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. उचलला नाही.

"उचला ना काकू."

"वाजू दे." त्यांची नजर पडद्यावरच्या नावावर होती. "वाजून रायला म्हंजे हाय तो तिथं."

फोन वाजत राहिला, वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मग माझं लक्ष पाळीकडे गेलं. तो ठिपका हलला होता. पाळ उतरून पाटाच्या धुऱ्यावरून आमच्या दिशेने येत होता, आणि चालत नव्हता.

मी काकूंच्या हातून वाजणारा फोन हिसकावला, उचलला आणि ओरडलो, "काकाजी, पळू नका! काकू इथंच आहेत, माझ्याजवळ आहेत!"