कापलेल्या कडेला दहापैकी नऊ

माझ्या छापखान्यातून वाकड्या कडेची पत्रिका कधी बाहेर गेली नाही. ह्याचा मला गर्व होता, आणि त्याच गर्वानं माझी फजिती केली.

नांदेडात मी लग्नपत्रिका छापतो. पत्रिकेच्या चौकटीबाहेरची पांढरी पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आली, तर नवरीचे वडील मुहूर्त बाजूला ठेवून तेवढीच पट्टी बघत बसतात. त्यामुळे कुठलाही छापील कागद हातात आला की मी आधी कडा बघतो, मजकूर नंतर. पुतणीला सांगून आलेल्या स्थळाचा बायोडाटा मी वाचण्याआधी कापून सरळ केला होता. मुलाचा पगार त्यात अर्धा गेला.

दोन वर्षांपूर्वी भोकरजवळच्या आमच्या गावी जुनी पत्र्याची पेटी उघडली, तर सातवीच्या भूगोलात क्रिकेटचं एक कार्ड निघालं. आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पाकिटात अशी कार्डं यायची. च्युइंगम दोन मिनिटांत बेचव व्हायचं, कार्डावरून भांडण मात्र आठवडाभर पुरायचं. माझं कार्ड एका वेगवान गोलंदाजाचं होतं. त्याचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा ह्यात काही दोष नाही.

एका गिऱ्हाइकानं मला कार्डं जमवणाऱ्या लोकांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घेतलं. तिथं कळलं, की अशी कार्डं तपासायला परदेशात कंपन्या आहेत. त्यांचे तज्ज्ञ भिंगाखाली कार्ड बघतात, दहापैकी आकडा देतात आणि जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबीत गेलं की मग कुणी शंका घेत नाही. ग्रुपमधले सगळे आपापली कार्डं एकत्र करून पाठवणार होते. मीही म्हणालो, माझं घ्या.

पाठवायच्या आदल्या दिवशी कार्ड टेबलावर ठेवलं. डावीकडची पांढरी पट्टी उजवीपेक्षा जाड होती. पुढचं फार लवकर झालं. कटिंग मशीन समोरच होतं, पातं नवीन होतं, मी कार्ड दाबाखाली सरकवलं आणि अर्धा मिलिमीटर उडवला. इतकी सुंदर कड मी क्वचित मारली असेल.

आता हे सवयीनं झालं असं मी म्हणू शकतो, आणि लोकांना बरेच दिवस तसंच म्हणत होतो. पण कापल्यावर दिसलं, की तीन कडा पिवळट आणि चौथी पांढरीशुभ्र. तेव्हा मी चहाच्या कपात बोट बुडवलं आणि त्या कडेवरून हळूच फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा रंग जुळला. हे सवयीनं झालं नव्हतं.

तीन महिन्यांनी डबी आली. दहापैकी नऊ. ग्रुपवर हार-फुलांची चित्रं पडली. मला वाटलं, आपल्या कटिंगला परदेशातून पावती मिळाली.

ह्या ग्रुपमध्ये लातूरचे एक सर आहेत. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, मूळचे निलंग्याचे. कार्ड खरं का खोटं, हा वाद झाला की सगळे त्यांच्या उत्तराची वाट बघतात. त्यांच्याकडे ह्याच संचातली अकरापैकी दहा कार्डं होती. न सापडलेलं एक म्हणजे माझा गोलंदाज. सरांनी फोन केला. "मालक, अदलाबदल करू. मी तुम्हाला दुसऱ्या संचातला माझा कर्णधार देतो. शाळेत असताना निलंग्याच्या बाजारात चार पोरांशी भांडून मिळवलेला हाय."

मी लगेच हो म्हणालो. मोठ्या माणसानं आपल्याला मालक म्हटल्यावर नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

त्याच आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की बाहेरच्या एका शहरात कापून सरळ केलेलं कार्ड पकडलं गेलं. कापलेल्या कार्डाला ते लोक फेरफार म्हणतात आणि त्याला कवडीची किंमत देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. नऊ आकडा मिळाल्यानंतर. खाली सरांनी लिहिलं होतं, "कापलेलं कार्ड मी घरात ठेवत नाही. आणि कापणाऱ्याला घरात घेत नाही."

ते वाचून मी फोन उलटा ठेवला. माझ्या चेहऱ्यावरून छपाईतली चूक ओळखणारी बायको म्हणाली, "कुणाची पत्रिका चुकली?"

मी सगळं सांगितलं. चहाचंही.

"तुमच्या त्या शहाण्यांना भिंगातून दिसलं न्हाई?"

"न्हाई ना. नऊ दिले."

"मग सरांना कामून दिसंल?"

"दिसणार न्हाई, तीच तर पंचाईत हाय."

"मंजे ते आपलं शाळेतलं कार्ड तुम्हाला देणार, आन् तुम्ही त्यांना चहा पाजलेलं देणार."

"सांगितलं तर ते मला घरात घेणार न्हाईत."

"मंग न सांगता जाऊन बसा त्यांच्या घरात. गोड लागतंय का बघा."

रविवारी सकाळी मी लातूरची एसटी पकडली. डबी शर्टाच्या आतल्या खिशात होती. लोह्यापर्यंत मी तीन बेत केले. एक, डबी गाडीत हरवली म्हणायचं. दोन, कार्डाशी माझ्या फार आठवणी आहेत म्हणून देववत नाही, असं म्हणायचं. तिसऱ्यात मी आजारी पडत होतो. अहमदपूरला शेजारच्या बाईंनी विचारलं, "दादा, छातीत दुखतंय का? सारखं धरून बसलाव." मी म्हणालो, "न्हाई, औषध हाय खिशात." त्यांनी लगेच खिडकीजवळची जागा मला दिली. खोटं बोलून मिळालेली आणखी एक वस्तू.

सर गेटपाशी उभेच होते. मला वाटलं होतं, बसल्याबरोबर फूटपट्टी काढतील, भिंग लावतील, आणि पकडला गेलो तर निदान सुटका तरी होईल. सरांनी डबी दोन्ही हातांत घेतली, आकडा वाचला आणि टेबलावर ठेवली. झालं.

"मोजत न्हाई का सर?"

"डबीतलं काय मोजायचं? माझ्यापेक्षा शहाण्या लोकांनी बघितलंय की."

मग त्यांनी आत जाऊन कर्णधार आणला. तो वहीच्या प्लास्टिक कव्हरच्या तुकड्यात होता. एक कोपरा दुमडलेला, मागे शाईनं हजेरी क्रमांक. सरांनी तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि हात मागे घेतला नाही. कार्ड माझ्याकडे आलं होतं, बोटं अजून त्यांचीच होती. मी खाली बघितलं, आणि जे दिसलं ते सांगायची लाज वाटते. वरची पट्टी खालच्यापेक्षा जाड आहे, हे दिसलं. मिलिमीटरभर उडवली तर छान बसेल, असं मनात येऊनसुद्धा गेलं.

त्या विचाराची मला इतकी भीती वाटली, की तोंडातून निघून गेलं, "सर, माझं कापलेलं हाय."

"काय कापलेलं हाय?"

"डावी कड. माझ्याच मशीनवर. मला तेव्हा म्हायती नव्हतं, सवयीनं झालं."

सरांनी कर्णधार उचलून कव्हरात ठेवला. मला वाटलं, आता उठा म्हणतील. ते म्हणाले, "कापलेली कड पांढरी पडती. त्यांना दिसली कशी न्हाई?"

इथं गप्प बसता आलं असतं. सवयीनं झालं एवढ्यावर बहुतेक भागलंही असतं. "चहा लावला," मी म्हणालो.

"सवयीनं?"

"न्हाई."

आतून सरांच्या पत्नींनी पोह्यांच्या बशा आणल्या, आमचे चेहरे बघितले आणि बशा ठेवून त्या आत गेल्या. पोहे गार झाले. शेवटी सर म्हणाले, "ग्रुपवर तुम्हीच लिहा. इथं बसून. मी तुमच्याबद्दल कायच लिहिणार न्हाई."

मी लिहिलं. कड, मशीन, चहा, नऊ. लिहिताना पत्रिकेतल्यासारखं 'सर्वांस कळविण्यात येते की' असं सुरू झालं, ते खोडलं. सरांनी वाचून फोन परत दिला. डबीही परत दिली. गेटपर्यंत आले, पण पुन्हा या म्हणाले नाहीत.

परतीच्या गाडीत फोन खिशात थरथरत होता. ग्रुपवर एकानं लिहिलं होतं, अशा माणसांमुळेच हा छंद बदनाम होतो. दुसऱ्यानं मला काढून टाकायची सूचना केली. तिसऱ्यानं त्याला अनुमोदन दिलं. हे मी गृहीत धरलं होतं. नंतर वेगळे निरोप यायला लागले, ग्रुपवर नाही, माझ्या एकट्याच्या नंबरवर.

पहिला: "काका, कटिंगचं मशीन कोणतं आहे?" दुसरा: "माझ्याकडं एक कार्ड आहे, फक्त उजवी बाजू जरा वाकडी. तुमच्याकडं आणू का?" तिसऱ्यानं विचारलं होतं, चहा साखरेचा होता का बिनसाखरेचा. हा तिसरा म्हणजे छंद बदनाम होतो म्हणणाराच.

दोन वर्षं ह्या लोकांना मी जाणकार समजत होतो. ह्यातल्या किती जणांनी आधीच पातं चालवलं असेल आणि किती डब्या सरांच्या कपाटात गेल्या असतील, हे मनात यायला लागलं. सरांना सांगावं, तर त्यांनी नुकतंच मला गेटबाहेर काढलेलं. न सांगावं, तर सकाळचीच चूक संध्याकाळी दुसऱ्यांदा.

मी फोन लावला. सरांनी उचलला. मी तिन्ही निरोप वाचून दाखवले, नावं न घेता.

ते म्हणाले, "माझ्याकडं चाळीसेक डब्या हायत. सगळ्या ग्रुपमधूनच आलेल्या. मोजून कळंल का?"

"मोजून न्हाई कळणार, सर. काही कार्डं कारखान्यातूनच जरा बारीक आलेली असतात. कडेवर पात्याची खूण डबीतूनबी दिसती, पण ती बघायची सवय पायजे."

"तुम्हाला हाय."

"हाव."

"कुठवर आलात?"

"चाकूर येतंय आता."

"उतरा," सर म्हणाले. "परत या. सगळं काढून ठेवतो टेबलावर."

मी कंडक्टरला सांगितलं, त्यानं घंटी मारली. चाकूरच्या स्टँडवर मी लातूरच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटत होतं, की आपल्याला कडेतलं काही कळू नये. चाळीसपैकी एकही कापलेलं निघू नये, आणि निघालं तर ते सरांना मी कोणत्या तोंडानं सांगायचं. गाडी आली. आत चढलो आणि ह्या वेळी छाती न धरता उभाच राहिलो.