ठिगळातला डाग

त्या दुपारी मला खरोखरच आभाळ ठेंगणं झालं होतं. पीएचडीचं तिसरं वर्ष, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं आमचं घर, आणि विश्वाच्या बालपणीच्या उजेडात मला सापडलेला एक नवाकोरा गार डाग! तो उजेड आता थंड सूक्ष्मलहरी होऊन सगळ्या आकाशातून येतो. त्याच्या तापमानात जागोजागी अगदी बारीक फरक असतात. ते कशामुळे, हे शोधणं माझं काम. पण हा डाग नको तितका मोठा आणि नको तितका गार होता. चार वाजता मार्गदर्शक मॅडमना तो ऑनलाइन दाखवायचा होता. खरा ठरला तर माझा पहिला शोधनिबंध!

स्टेशनजवळून मी नकाशाची मोठी रंगीत प्रिंट काढून आणली, ओटीवर पसरली आणि आईला पेढे आणायला सांगितलं.

"उतावला नवरा, गुडघ्याला बाशिंग," आई म्हणाली.

शेजारी बाबा विकत घ्यायचं एक जुनं जाळं उन्हात धरून पाहत होते. ते भोकं शोधत नाहीत. भोक आपणहून दिसतं. सांधलेली जागा शोधावी लागते, आणि जाळं दगा देतं ते तिथेच. त्याच नजरेने ते नकाशावर वाकले. माझ्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "पोरी, ह्यं कोनी सांदलं? हात दुसरा हाय."

"बाबा, आभाल हाय ते, जालं नाय!"

चिडले खरी, पण 'सांदलं' ऐकून मला झाकलेला पट्टा आठवला. आपल्या आकाशगंगेची धूळ मध्ये येते म्हणून तेवढा पट्टा झाकतात, आणि ती जागा आजूबाजूचं पाहून संगणकाकडून भरून घेतात. मी भरलेलाच नकाशा उचलला होता. कुठे भरलाय, हे पाहिलंच नव्हतं. आत पळाले, झाकलेल्या जागांची फाइल नकाशावर ठेवली. डाग अख्खा ठिगळात होता. मला रडूच फुटणार होतं.

तेवढ्यात ओटीवरून हाक आली. बाबांचं बोट आता दक्षिणेकडच्या दुसऱ्या गार डागावर होतं. तो जुनाच, जगजाहीर. पण त्याचं कारण अजून कुणाला पक्कं सांगता आलेलं नाही. सगळ्यांचा म्हणून मी त्याला कधी हातच लावला नव्हता.

"इकरं सांदलेलं नाय. ह्यं भोक खरं हाय."

मी अक्षरशः नाचले. चार वाजता मॅडमना आधी माझी चूक दाखवली, मग हा डाग, आणि म्हटलं, "मला आता यावर काम करायचंय."

मॅडम हसल्या. "चूक पकडली कोणी?"

मी लॅपटॉप ओटीकडे वळवला. बाबा जाळं गुंडाळत होते.