एकाच्याच गोळ्या

माझा धाकटा भाऊ पेणजवळ हमरापूरच्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे आखायचा. त्याची बायको तिथेच मूर्तींना अस्तराचा पांढरा रंग लावायची. दोघांची मजुरी एकत्र मिळायची, डबा एकच असायचा आणि भांडणंसुद्धा सगळ्या कारखान्यादेखत व्हायची. मी लग्न होऊन रोह्याला आलेली. माझा नवरा इथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा भाऊ वाळत चालला होता. ताप हटेना, तोंडात पांढरा थर, जेवण जाईना. गावातल्या शहाण्यांनी कावीळ ठरवली आणि झाडपाल्याचा रस पाजला. शेवटी मी डोकं फिरल्यासारखी रोह्याहून गेले आणि त्याला ओढतच पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात एचआयव्ही निघाला. मग बायकोचं रक्त तपासलं, तर तिच्यातही तेच. ती तेव्हा चांगली धडधाकट होती. हा रोग त्याला कुठून लागला ते मी विचारलं नाही. तिनेही माझ्यासमोर कधी विचारलं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

डॉक्टर माणूस सरळ होता. म्हणाला, “रोग आहे एवढं कळून भागत नाही. रक्तात विषाणू किती आहेत ते मोजावं लागतं. त्याला व्हायरल लोड म्हणतात. तो जितका जास्त, तितकं शरीर लवकर खचतं. गोळ्यांनी तो खाली आला पाहिजे.” ही तपासणी पेणला होत नव्हती. भावाचं रक्त बर्फात घालून मुंबईला गेलं. आकडा लाखांत आला, आणि डॉक्टरने गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या.

गोळ्या निघाल्या होत्या, पण महाग. माझ्या नवऱ्याने हिशेब केला आणि एकाचं औषध आम्हाला झेपेल असं सांगितलं. एकाचं म्हणजे भावाचं, हे कोणी बोलून दाखवलं नाही. आजारी तो होता. भावजय तिथेच भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “मला काय झालंय? मी हाय बरी. त्यांना द्या.” विषय तिथेच संपला.

मी दर महिन्याला गोळ्या घेऊन एसटीने जायची. पावसात नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर यायचं, म्हणून त्या दिवसांत आधीच नेऊन ठेवायची. भाऊ थोडा सुधारला, पुन्हा आखणीला बसू लागला. दुसऱ्या तपासणीत आकडा जरासाच उतरला होता. तिसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षाही वर गेला. डॉक्टर भावावर चिडला. “गोळ्या चुकवता का?” “नाय. एक दिवस नाय चुकवली,” भाऊ म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

खरं काय ते मला कारखान्यात कळलं. मी न सांगता गेले होते. मूर्तीवर उठलेली साच्याची शिवण खरवडायच्या ब्लेडने भाऊ पाटावर गोळीचे दोन तुकडे करत होता. एक त्याने तोंडात टाकला, दुसरा बायकोच्या हातावर ठेवला. मी नको नको ते बोलले. आजूबाजूच्या बायका कुंचले थांबवून बघत राहिल्या.

भाऊ शांतपणे म्हणाला, “चिडू नको गो ताय. रंग कमी पडला की आमी काय करतो? पाणी घालून सगळ्यांना एक पातळ हात मारून घेतो. कोणती मूर्ती उघडी ऱ्हात नाय. मग रंग आला की दुसरा हात. तसंच हाय. आता दोघांना पातळ, पुढं तुमचं जमलं की पुऱ्या.”

मी दोघांना तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर आता चिडला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्याने समजावून सांगितलं. पुरती गोळी विषाणूला दाबून ठेवते. अर्धी गोळी दाबत नाही, उलट जे विषाणू उरतात ते गोळीला सरावतात, आणि मग त्यांचीच पैदास वाढते. आता भावाला या गोळ्या पुऱ्या घेऊनही फारसा उपयोग नव्हता. वेगळ्या गोळ्या परदेशातून यायच्या, त्यांचं नावही आम्ही काढू शकत नव्हतो. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हिला तरी लागू पडतील ना?”

डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. “त्यांनीही अर्धीच घेतली ना?”

वर तो असंही म्हणाला, की पहिल्यापासून पुऱ्या घेतल्या असत्या तरी तेव्हाच्या त्या गोळ्या किती पुरल्या असत्या, हे त्याला सांगता येणार नाही. त्याने ते आमच्या समाधानासाठी सांगितलं असावं. मला कसलंही समाधान झालं नाही.

आधी भावजय गेली. भिंतीला टेकून ‘मी हाय बरी’ म्हणणारी ती बाई, तिला खोकला धरला आणि एका पावसाळ्यातच ती संपली. शेजारचे मातीला आले, पण अंग चोरून उभे राहिले. तेराव्याला मी निघताना भावाने मला उंबऱ्यापाशी थांबवलं.

“ताय, गोळ्या आणशील?”

“अरे, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. पण आता वाटायला कोण हाय? आता पुऱ्या घेतो.”

मी आणत राहिले. तो सकाळ-संध्याकाळ वेळेवर, अख्खी गोळी, डॉक्टरने पहिल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तशी घेत राहिला. ताप चढतच गेला, हात थरथरू लागले, डोळे आखायला दुसरा माणूस आला. गेला त्या दिवशी सकाळचीसुद्धा गोळी त्याने घेतली होती.