संत्री नको, पीठ आणा

आमच्या पांढुर्ण्यात आजारी माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हातानं जात नाही. आणि संत्र्याच्या हंगामात हातात दुसरं काय असणार? ज्याचा बगीचा आहे तो झाडावरून तोडून आणतो, ज्याचा नाही तो मंडीतून ओटीत घालून आणतो. यंदाच्या थंडीत माझ्या एका खोलीच्या घरात खाटेखाली संत्री, खिडकीत संत्री, माठाजवळ पिशव्याच पिशव्या. आणि डब्यात पीठ नाही.

मी स्वतः मंडीतली. दर हंगामात बायकांच्या रांगेत बसून माल निवडायचा, मोठा वेगळा, बारका वेगळा, डागी बाजूला. हंगाम सरला की कापूस वेचायला जायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एकटीपुरतं निघत होतं. छातीत गाठ निघाली आणि सगळंच बसलं. नागपूरचा उपचार सरकारी कार्डावर होतो, हे खरं. पण कार्ड काही रेल्वेचं तिकीट काढत नाही, घरभाडं देत नाही, सिलिंडर भरून आणत नाही. रेशनचं धान्य एका माणसाचं, ते महिना अर्धा होताच संपतं. डॉक्टर म्हणाले, चांगलं पौष्टिक खा. मी मान डोलावली.

संत्री मात्र मला खाता येत नव्हती. औषधानं तोंड आतून सोलून निघालं होतं. एक फोड ओठाला लागली की डोळ्यांत पाणी. विकावी म्हटलं तर ऐन हंगामात पांढुर्ण्यात संत्री घेणार कोण? तरी सवय जात नाही. पिशवी ओतली की कोणी पहिल्या प्रतीचा माल आणला आणि कोणी बाजूला टाकलेला, ते लगेच कळायचं. माझ्या चुलत जावेनं तर सगळी डागीच आणली. मी बोलले काही नाही, मनातल्या मनात तिलाही डागी मालात टाकलं.

पण माणसं येत होती. बसत होती. मंडीत कोणाचं कोणाशी वाजलं, व्यापाऱ्यानं कोणाची मजुरी अडवली, सौसरला कोणाच्या पोरीचं जमलं, सगळं सांगत होती. तेवढा वेळ मी आजारी नसायचे.

रांगेत माझ्या शेजारी बसणारी एक जण दर रविवारी यायची. एका रविवारी तिनं संत्र्यांची पिशवी पुढे केली. “मावशी, पाय तं, साखर हाय साखर!” दोन दिवस मी भाताच्या पेजेवर होते. माझं डोकंच फिरलं.

“संत्रे काऊन आणून राहिली वं?” मी म्हणाले. “पोळीसंगं खाऊ काय? पोळीच नाही घरात. आणायचंच तं पीठ आण.”

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. “इतके दिस काऊन नाही सांगतलं, मावशी?”

संध्याकाळी तिनं पीठ आणून दिलं. आणि चांगल्या मनाची म्हणून सगळ्या रांगेला सांगितलं.

पीठ यायला लागलं. कोणी डाळ दिली, कोणी तेलाची पिशवी. पण आता कोणी आत येईना. संत्री कशी, हातात झुलवत आणता येतात. पण आपल्याच रांगेतल्या बाईच्या हातात पीठ द्यायचं म्हणजे तिला दान दिल्यासारखं होतं, याची त्यांना लाज वाटत असावी. पिशवी कडीला अडकवायची, दार एकदा ठोठावायचं आणि निघून जायचं. औषधानं माझे तळपाय बधिर झालेले. भिंत धरत दारापर्यंत जाईतो गल्ली मोकळी. उपकार विसरणारी मी नाही. पोटभर जेवत होते. आणि दिवसभरात तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

शेवटी एका दुपारी मी खाट सरकवून दारासमोर घेतली आणि दार सताड उघडं ठेवलं. आता जो येईल त्याला माझ्याशी बोलावंच लागेल. पडून राहिले. चपला वाजल्या. तीच होती, माझ्या शेजारची. हातात पिशवी. मी हाक मारणार होते, बस नं वं जराशी, एवढंच म्हणायचं होतं. पण पिशवी दिसली आणि वाटलं, तोंड उघडलं तर आधी पिठाबद्दल बोलावं लागेल. मी डोळे मिटून घेतले.

ती आत आली. पिशवी खाली ठेवली. माझ्या उघड्या पायांवर तिनं चादर ओढली, थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं, माझी झोप मोडू नये म्हणून इतकं हळू, की कडीचाही आवाज झाला नाही.

मी जागीच होते.