भरल्या छातीने वर आलेला माणूस

नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी नदीकाठी जॅकवेल दिसली की मी ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगतो. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी जिथं आत येतं ती खोल, गोल बांधीव विहीर. तिच्यातून पंप ते पाणी उसाला चढवतो. अशाच एका जॅकवेलवरची घटना माझ्या डोक्यातून गेलेली नाही. तेव्हा मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नावं सांगणार नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

पंचगंगेच्या काठच्या एका गावात पाण्यात उतरणारं एक घराणं होतं. घरात दोन भाऊ. थोरला म्हणजे त्या पंचक्रोशीतला पाणबुडा. कुणाची मोटर विहिरीत पडली, पंपाच्या पाइपच्या तळाची झडप गाळात रुतली, की बोलावणं त्याला. आमचंही काम त्याच्यावाचून अडे. विहिरीत कुणी जीव दिला की ठाण्याची जीप आधी त्याच्या दारात थांबायची. ताटावरून उठून यायचा बिचारा. काठावर बसून छाती भरून दम घ्यायचा आणि खाली जायचा. वर येईपर्यंत काठावरच्या माणसांचाच जीव गुदमरायचा. प्रेत वर आणलं की आधी त्याच्या अंगावर पंचा टाकायचा, मग स्वतःचं अंग पुसायचा. असल्या माणसाचाच पंचनामा करायची वेळ माझ्यावर येईल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

धाकटा नौदलात गेला होता. तिथं पाणबुड्याचं रीतसर शिक्षण घेऊन, मुदत संपवून गावी परतला होता. येताना मुंबईच्या जुन्या बाजारातून स्कूबाचा एक सेट घेऊन आला होता. पाठीवर बांधायचा हवेचा बाटला, तोंडात धरायची रबरी नळी, डोळ्यांवर काच आणि कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा. गावाला नवलच! सगळे बघायला यायचे.

एके दिवशी सकाळी वर्दी आली की जॅकवेलमध्ये थोरला गेला. मी पोचलो तेव्हा त्याला काठावर निजवलं होतं. तोंडाला रक्ताचा फेस होता. धाकटा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, सेट जप्त करून मुद्देमालात घेतला आणि प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं.

दुपारी गावातला एक गृहस्थ ठाण्यात आला. इकडंतिकडं बघत खुर्चीच्या कडेवर टेकला. अशी माणसं मी खूप पाहिली आहेत. बातमी पोटात मावत नसते, आणि आपलं नाव मात्र कुठं येऊ नये असं त्यांना वाटत असतं.

"सायेब, ते पाण्यानं मेलं न्हाय. मारलंय त्याला," तो म्हणाला.

"कुणी?"

"आता कुणी म्हनून काय विचारताय! काल पारावर दोघांची भांडणं झाली की. समद्या गावानं ऐकलंय. धाकला वरडून म्हनला, एक दिस पाण्यातच मरशील. आन् आज मेला. त्या नळकांड्यात इख भरलं आसंल, दुसरं काय?"

तोवर डॉक्टरांचा निरोप आला. बुडून मेलेला नाही, पोटात-छातीत पाणी नाही. बाहेरून ओरखडाही नाही, पण फुप्फुस आतून फाटलंय. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "फौजदार, असलं मी कधी बघितलेलं नाही. कारण राखून ठेवतोय." व्हिसेरा तपासणीला गेला. मी धाकट्याला चौकशीला आणलं.

मागच्या खोलीत त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "काय झालं?"

"मीच मारलं त्याला."

"कसं मारलंस?"

"मीच मारलं, सायेब." याच्यापुढे एक शब्द नाही.

वरिष्ठांना कळलं तसा फोन आला. "कबुली आलीय ना? मग अटक दाखवा आणि मोकळे व्हा." मी हो हो म्हटलं आणि अटक दाखवली नाही. पोलिसासमोरची कबुली कोर्टात कवडीमोल असते, हे शिपाईसुद्धा जाणतो. पण माझी अडचण वेगळी होती. खून केलेला माणूस चौकशीत दमला की चहा मागतो, बिडी मागतो, वकिलाचं विचारतो. निदान आपली सुटका कशी होईल ते चाचपून बघतो. याच्यासमोर आणून ठेवलेला चहा गार झाला. त्याला काही नकोच होतं. आमचे हवालदार जुने, मुरलेले. बाहेर येऊन मला म्हणाले, "सायेब, ह्यो गुन्हा कबूल करत न्हाय. ह्यो रडतोय." मला ते पटलं.

मुंबईला वायरलेस पाठवला. नौदलात पाणबुड्यांना शिकवणारे एक अधिकारी आले. शिडशिडीत, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर मुद्देमाल मांडला. त्यांनी बाटल्याचा काटा बघितला, चावी फिरवली आणि मी काही म्हणायच्या आत नळी सरळ तोंडात घालून श्वास घ्यायला लागले.

"अहो, मुद्देमाल आहे तो!" मी ओरडलो. "आणि आत विष असल्याची तक्रार आहे!"

"हवा चांगली आहे," ते शांतपणे म्हणाले. "सेटही चांगला आहे. मेलेला माणूस काय काम करायचा?"

मी सांगितलं. तो किती वेळ दम धरायचा तेही थोड्या कौतुकानंच सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "मला ती विहीर दाखवा," म्हणाले, "आणि एक फुगा आणवा."

पोलीस खात्यात काय काय आणावं लागतं! रंकाळ्यावरच्या फुगेवाल्याकडून शिपायानं फुगे आणले. दुसऱ्या दिवशी पंचांना काठावर उभं केलं. ते अधिकारी स्वतःचा सेट बांधून जॅकवेलमध्ये उतरले. तळाशी जाऊन नळीच्या हवेनं त्यांनी फुगा भरला, गाठ मारली आणि सोडून दिला. आम्ही वाकून बघत होतो. लाल ठिपका वर येता येता फुगत चालला, चांगला कलिंगडाएवढा झाला आणि पाण्याच्या वर डोकं काढायच्या आतच फुटला.

काठावर येऊन त्यांनी समजावून सांगितलं. खोल पाण्यात दाब जास्त, तिथं नळीतून घेतलेली हवा दाबलेली असते. वर यावं तसा दाब कमी होतो आणि ती हवा पसरते. म्हणून वर येताना श्वास सोडत, सावकाश यायचं. तोंड मिटून आलं तर फुप्फुसाचा असाच फुगा होतो. त्यांच्या शाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि शेवटच्या दिवशीही. "काठावरून दम घेऊन जाणाऱ्याला याचा धोका नसतो," ते म्हणाले. "तो वरचीच हवा नेतो आणि तीच परत आणतो. तुमच्या माणसानं तळाशी नळीतून छाती भरून घेतली, दम धरला आणि जन्मभर मारली तशी लाथ मारून वर आला. नवखा असता तर कदाचित वाचला असता."

ज्या दमावर त्या माणसानं आयुष्य काढलं, ज्या दमावर आमच्या खात्यानं त्याला हवा तेव्हा बोलावून घेतला, त्याच दमानं त्याचा घात केला होता.

ठाण्यात परतून मी धाकट्याला व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसवलं. "फुगा फुटला," एवढंच म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा बांध फुटला.

"ते जॅकवेलचं काम माझं हुतं सायेब, मीच उतरनार हुतो. पारावर लोकांनी दादाला डिवचलं. म्हनले, आता धाकल्याचं राज्य आलं, तू आता गाई राख. दादा हट्टाला पेटला. माझ्या पाण्यात तू उतरनार व्हय रं, तुझा सेट बांधून मीच जातो, म्हनला. मी लई वरडलो त्याच्यावर. शेवटी न्हाय ऐकला, तवा पायरीवर बसवून शिकवलं."

"वर येताना दम धरायचा नाही, हे सांगितलं होतंस?"

"सांगितलं की! घसा कोरडा पडस्तवर सांगितलं. त्यो हसला. म्हनला, पाण्यात दम सोडायचा तर मग पानबुड्या कशाला म्हनायचं? मी त्याला सेट द्यायला नको हुता. म्हनून मीच मारलं."

पंपावरच्या ऑपरेटरचा जबाब घेतला. त्या सकाळी तो काठावरच होता आणि भीतीनं पाहुण्यांच्या गावी जाऊन बसला होता. धाकटा वरून ओरडून सांगत होता आणि थोरला हसून हात हलवत खाली गेला, हे त्यानं शपथेवर सांगितलं. प्रश्नच मिटला. अकस्मात मृत्यूच्या अहवालात सगळं लिहिलं आणि माझ्याच जीपमधून धाकट्याला घरी न्यायला निघालो. पोलिसांनी उचलून नेलेला माणूस पोलिसांनीच मानानं परत आणला, तर गावाची तोंडं बंद होतात. मी मनातून खूष होतो, खोटं कशाला सांगू?

अंगणात म्हातारी आई बसली होती. दाराशी थोरल्याची बायको उभी, तिच्या पदराआड दोन पोरं. भावकी जमली होती. मी सोप्या भाषेत सगळं सांगितलं. घात नाही, विष नाही, तुमचा धाकटा निर्दोष आहे. म्हातारी खाली मान घालून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं धाकट्याकडं बघितलं.

"असं हुतंय, हे तुला ठावं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग माझ्या लेकाला सांगितलं न्हाईस व्हय रं?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी तोच बोलला.

"न्हाय आई. सांगायचं ऱ्हायलं."

मी चमकून त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता आणि त्यानं हात जोडून, आईला दिसणार नाही असे, छातीशी धरले होते. माझ्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले.

"ऱ्हायलं?" म्हातारी म्हणाली. ती उठली. सुनेला म्हणाली, "ह्येला तांब्याभर पाणी दे आन् जायाला सांग." आणि आत गेली.

त्याला घेऊन गावाबाहेर आल्यावर मी जीप थांबवायला लावली आणि त्याच्यावर भडकलो. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी तुला सोडवून आणला आणि तू स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेतलास?"

तो म्हणाला, "दादासारखा पाण्यातला मानूस न्हाय, असं समदी म्हनत्यात. त्याची पोरं तेच ऐकून मोठी हुत्यात. सांगूनबी ऐकला न्हाय आन् आडमुठेपणानं मेला, असं उद्या कुणी त्येंच्या तोंडावर म्हनलं तर? पंपावरच्या गड्यालाबी गप ऱ्हायला सांगतो. माझं काय, मी कुठंबी जाईन."

तो खरंच गेला. जयसिंगपूरला बिऱ्हाड केलं, मोटार दुरुस्तीचं काम शिकला, पाण्यात पुन्हा उतरला नाही. पुढं माझी बदली झाली. या प्रकरणानं मला काय शिकवलं म्हणाल, तर खरं शोधून काढणं हे आमचं काम, पण ते कुणाच्या पदरात टाकायचं हे ठरवणं आमच्या हातात नसतं. हे मी नव्या फौजदारांना सांगतही असे. सांगताना मात्र म्हातारीचा चेहरा आठवायचा, आणि आपण त्या अंगणात गप्प का बसलो असं वाटून जीव चुटपुटायचा.

म्हातारी गेल्याचं मला उशिरा कळलं. मुद्दाम वाट वाकडी करून जयसिंगपूरला उतरलो आणि धाकट्याला भेटलो. शेवटी तरी आई बोलली का, म्हणून विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. निरोप मिळाल्यावर गेला होता, पण भावकीनं खांदा देऊ दिला नाही. लांब बांधावर उभा राहून त्यानं आईला हात जोडले.

निघताना त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. "सायेब," तो म्हणाला, "त्या दिशी तुम्ही गप ऱ्हायला. लई उपकार झालं." सबंध नोकरीत इतक्या मनापासून माझे आभार कुणी मानले नाहीत, आणि मला त्याच्याकडं मान वर करून बघवलं नाही.