पियानो ठणठणीत आहे

तीन आठवड्यांत चौथ्यांदा बोलावणं आलं, तेव्हा पियानो जुळवणाऱ्या म्हाताऱ्याने हत्यारांची पेटी उचललीच नाही. नुसती टोपी डोक्यावर टाकली आणि नाट्यगृहाची वाट धरली.

रंगमंचापुढच्या खड्ड्यात मावशी पियानोपाशी पाठ ताठ करून बसल्या होत्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि बाईंच्या हातांत लोकरीचे मोजे!

"पट्ट्या पुन्हा जड झाल्यात," मावशी फणकारल्या. "मधल्या तर दगड झाल्यात नुसत्या. मागच्या वेळी काय करून गेलात कोण जाणे."

"मागच्या वेळी एक खुंटी फिरवल्यासारखं केलं आणि तुमचा चहा पिऊन गेलो. त्याच्या आधी तेवढंही केलं नव्हतं."

म्हाताऱ्याला सगळी मंडळी कानसेन म्हणत. त्याने एका बोटाने पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सूर वाजवत नेले. मग झाकणावर कोपर टेकून म्हणाला, "बाई, पियानो ठणठणीत आहे. मोजे काढा."

आता मावशी कोण, ते सांगायला हवं. त्या खड्ड्यात त्या चाळीस वर्षं बसत आल्या होत्या. वर नायिका बदलल्या, पडदे बदलले, तीन व्यवस्थापक आले नि दोन गेले. खाली मावशी होत्याच. गाणाऱ्याने श्वास घेतला की त्यांचा हात आपोआप थांबायचा. मंडळींत त्या सगळ्यांच्या मावशी. नायकाच्या मावशी, दारवानाच्या मावशी, आणि त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या वेशभूषावाल्याच्याही मावशीच.

मोजे निघाले. उजव्या हाताची मधली दोन बोटं पेरांपाशी सुजून गाठाळली होती आणि अंगठा तळाशी आखडलेला.

"संधिवात," मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, बरा व्हायचा नाही, सांभाळता येईल. औषध चालू आहे. कोणाला बोललात तर याद राखा."

"बोलतो कशाला? तीन आठवडे मी तरी कुठे बोललो?"

गुपित राखायला कारणही तसंच होतं. मंडळींचं जुनं संगीत नाटक पुन्हा उभं राहत होतं आणि नव्या व्यवस्थापकाने त्याची सगळी साथसंगत आधीच ध्वनिमुद्रित करून आणली होती. बोलायला तो गोड. म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणजे आमचं दैवत. पण प्रयोगात धोका नको. एक पूर्ण तालीम यंत्रावर करू, एक तुमच्याबरोबर. जी सरस ठरेल ती." यंत्र जिंकलं, तर खड्ड्यावर फळ्या टाकून दोन रांगा खुर्च्या वाढवायच्या होत्या. सुतार तर मावशी आत बसलेल्या असतानाच मापं घेऊन गेला होता. "जरा पाय वर घ्या हो मावशी," म्हणाला, आणि त्यांनी घेतलेही! मावशींची तालीम पुढच्या शुक्रवारी होती. हातात नऊ दिवस.

घरी सकाळ उजाडायची ती मुठी आवळलेलीच. तासभर बोटं उघडायची नाहीत. झग्याची वरची दोन बटणं लावताना घामाची धार लागायची. लेक दारात उभी राहून बघायची.

"आई, मी लावू?"

"मी काय तान्ही आहे?"

"तान्ही बरी. रडून तरी सांगते." लेकीने गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. "सोड ना आता. कोणाला काय दाखवायचंय?"

"दाखवायचं नाहीये गं, वाजवायचंय," मावशी म्हणाल्या आणि हात पाण्यात घातले. बटणं तशीच राहिली. वरून शाल गुंडाळून त्या बाहेर पडल्या.

त्या दिवशी दुपारी कानसेन टोपी, पेन्सिल आणि एक भलतीच कल्पना घेऊन आला.

"तिसरा अंक वाजवा. मी तिसऱ्या रांगेत बसतो. जो सूर ऐकू येईल त्याला हात वर करीन."

मावशींनी वाजवलं. जमेल तसं, दात आवळून. म्हाताऱ्याचा हात वर जाई, खाली येई, आणि मधेच मांडीवर स्वस्थ पडून राही. मग तो पाचव्या रांगेत गेला, मग बाराव्या, मग अगदी दाराजवळ. परत आला तेव्हा त्याचा चेहरा श्राद्धाला आल्यासारखा होता.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे निम्मे सूर तिसऱ्या रांगेपुढे पोचतच नाहीत. गाणारी तोंड उघडते आणि हे सगळं बारीक नक्षीकाम तिच्या आवाजात बुडून जातं. चाळीस वर्षं तुम्ही ते स्वतःसाठी वाजवताय."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"पट्ट्या कशा आहेत एवढंच विचारायचात. कसं वाजतंय, हे कुठे कधी विचारलंत?"

मावशींनी सुरांची वही पुढे केली. "खोडा."

आणि मग जो काही कलगीतुरा रंगला म्हणता! दोन म्हातारी माणसं, एक पेन्सिल आणि चाळीस वर्षांची वही. तो एक सूर खोडायचा, या ओरडायच्या.

"तो नको! तो मी लग्नाआधी बसवलाय!"

"लग्नाचा हार ठेवलात का अजून? नाही ना? खोडला."

"तुम्हाला काळीज नाही."

"कान आहेत. एकाला एकच मिळतं."

जे सूर उरले त्यांच्या डोक्यावर मावशींनी बोटांचे नवे आकडे लिहिले. दुखरी दोन बोटं रजेवर. सगळा भार अंगठ्याशेजारचं बोट, करंगळी आणि डावा हात यांच्यावर. अर्धा तास सलग वाजवायच्या, ते बंद केलं. दहा मिनिटं वाजवायचं, घमेल्यात हात, पुन्हा दहा मिनिटं. घमेलं आता खड्ड्यातच, पियानोच्या पायाशी वस्तीला आलं होतं.

एका जागी मात्र गाडी अडली. तिसऱ्या अंकाच्या शेवटी, नायिका गाऊन थांबते आणि घर सोडून निघते, तिथे पियानोची एक लांबलचक, खळाळती तान होती. वरून खाली, पुन्हा वर. उजव्या हाताची मिरास ती.

"ही खोडा," मावशी म्हणाल्या. "ही नाही व्हायची आता."

"ही खोडायची नाही. तेव्हा गाणारी गप्प असते. ही मी दाराबाहेर उभा राहूनसुद्धा ऐकलीय."

"मग वाजवू कशाने, नाकाने?"

"डावा हात काय हार घालायला ठेवलाय?"

डाव्या हाताने ती तान म्हणजे डाव्या हाताने नाव लिहिण्यातला प्रकार. पहिल्या दिवशी भांडी पडल्यासारखी वाजली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी भांडी. मावशी जेवताना ताटाच्या कडेवर डाव्या बोटांनी ती घोकत. लेक डोक्याला हात लावी, पण ताट हलू नये म्हणून दुसऱ्या बाजूने धरूनही ठेवी.

गुरुवारी यंत्राची तालीम झाली. सूर स्वच्छ, ठेका पक्का. नावं ठेवायला जागा नाही. फक्त तिसऱ्या अंकात नेपथ्यातलं दार अडलं. लाकूड फुगलं होतं. नायिका बाहेरून ढकलतेय, आणि यंत्र गाणं सुरू करून मोकळं! बिचारी आत आली तेव्हा दोन ओळी पुढे गेल्या होत्या. बस चुकल्यासारखी ती उरलेल्या गाण्यामागे धावत राहिली.

"दाराचं काय, उद्या बघू," व्यवस्थापक म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सुतार खड्ड्यावरच्या फळ्या कापण्यात गुंतला होता.

शुक्रवारी मावशी आल्या त्या मोजे न घालता. पहिला अंक गेला, दुसरा गेला. कमी सूर, पण एकेक असा सुटा नि टपोरा, की गाणाऱ्यांना त्यावर पाय ठेवून चालता यावं. तिसऱ्या अंकात दार पुन्हा अडलं! मावशींनी वर पाहिलंही नाही. करंगळीने एक खालचा सूर धरला, पुन्हा वाजवला, पुन्हा. पाहुणा दारात उभा आहे आणि घर श्वास रोखून आहे, असं वाटावं. दार करकरत उघडलं, नायिकेने दम घेतला आणि तिच्या श्वासाच्या टोकावर गाणं सुरू झालं. जसं काही दार अडायचंच होतं.

मग तान आली. मावशींनी उजवा हात मांडीवर ठेवला, डावा हात त्याच्यावरून पलीकडे नेला, आणि सोडली. वरून खाली, पुन्हा वर. एक सूर सांडला नाही.

व्यवस्थापकाने घसा खाकरला. "मावशी, पियानो मस्त दुरुस्त झालाय हो! कोणी केला?"

"मी नाही," मागून कानसेन ओरडला. "तो ठणठणीतच होता."

तेव्हा मावशींनी सुजलेला उजवा हात वर केला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सगळं. मोजे, पट्ट्या, घमेलं. ऐकता ऐकता नायिका रंगमंचाच्या कडेवर येऊन बसली, पाय खड्ड्यात सोडून. "साहेब, मला यांच्याबरोबरच गायचंय," ती म्हणाली. "यंत्र माझी वाट बघत नाही."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता. सुताराला म्हणाला, "त्या फळ्या ठेव आणि आधी ते दार घास."

"खबरदार!" मावशी गरजल्या. "ते दार म्हणजे माझा साथीदार आहे."

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी लेक झग्याची बटणं लावायला पुढे झाली, आणि मावशींनी मुकाट्याने मान वर केली. "घट्ट लाव," एवढंच म्हणाल्या. "टाळ्यांना उठावं लागेल."

आणि उठावंच लागलं. पडदा पडला, पुन्हा वर गेला, आणि नायिकेने त्यांना हाताला धरून खड्ड्याच्या सहा पायऱ्या वर आणलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मावशींनी नाट्यगृह त्या बाजूने पाहिलं. माणसंच माणसं, उभी राहिलेली. सगळ्यात मागे, दाराजवळ, कानसेन. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याचा एक हात वर होता, अगदी ताठ, आणि शेवटची तान संपून किती वेळ झाला तरी तो खाली आला नव्हता.