न मिटलेलं भांडण

नानांना खुर्ची सोसत नसे. बैठक सुरू झाली की पाच मिनिटांत ते उठत, खिडकीशी जात, परत येत, पुन्हा उठत. "बसलेला माणूस फाइलीसारखा बोलतो," असं म्हणून सगळ्यांना थेट रस्त्यावर घेऊन जात.

नाना निवृत्त कार्यकारी अभियंता. रस्त्याच्या कामावरून बांधकाम खातं आणि ठेकेदार यांच्यात वाद झाला, की कोर्टाची पायरी टाळण्यासाठी दोघंही लवाद म्हणून त्यांचं नाव सुचवत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पारोळ्याजवळ रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी बांधलेली एक मोरी पहिल्याच पावसाळ्यात खचली. खातं म्हणे, काम निकृष्ट, ठेकेदाराला काळ्या यादीत टाका. ठेकेदार जामनेरचे प्रल्हादभाऊ. ते म्हणत, मोरीची जागा मला ऐनवेळी बदलायला लावली. लेखी काहीच नव्हतं. जागा बदला, असं तोंडी सांगणारा कनिष्ठ अभियंता मीच. नकाशातल्या जागी खडक लागला होता आणि मला काम उरकायचं होतं. मी गप्प होतो.

नानांनी दोन्ही बाजूंना मोरीवर नेलं. शेजारच्या बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. नानांनी विचारलं, "अक्का, पावसाचं पाणी कुठून जातं?"

तिनं विळ्यानंच नकाशातली जागा दाखवली. "बठ्ठं पानी आठेतीन जास, भाऊ. मोरी तठे कसाले बांधी?"

सगळं पाणी इथून जातं, मग मोरी तिकडे का, हा तिचा प्रश्न ऐकून नाना त्या जागेपासून मोरीपर्यंत येरझारा घालू लागले. चौथ्या फेरीला माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, जागा मी बदलायला लावली."

"हे बैठकीत सांगाल?"

"नोकरी जाईल, साहेब."

"जाईलही," म्हणाले, आणि जीपकडे चालू लागले.

मी सांगितलं. प्रल्हादभाऊ निर्दोष सुटले. निकालात नानांनी माझं नाव स्पष्ट लिहिलं. नोकरी वाचली, पण ठपका आला आणि शिरपूरपलीकडे बदली झाली. निघताना भेटायला गेलो, तर त्यांनी विचारलं, "प्रल्हादभाऊंशी बोललात?"

"आता निकाल लागला ना, साहेब."

"निकाल मी दिला. भांडण तुमचं आहे. निकाल लागतो, भांडण मिटवावं लागतं."

पुढे कधी धुळ्याच्या स्टँडवर दिसले, की लांबूनच विचारत, "गेलात का?" मी नजर चुकवायचो. मग त्यांनाच चुकवायला लागलो. वर्षं गेली. एके दिवशी ऑफिसात कळलं, नाना गेले.

त्यानंतर मला चैन पडेना. दुसऱ्याच आठवड्यात जामनेरला गेलो. प्रल्हादभाऊंनी ठेके सोडून शेती धरली होती. कापसाच्या शेतात उभं राहून, जे तेव्हाच म्हणायला हवं होतं ते म्हटलं.

त्यांनी एक फुटलेलं बोंड खुडलं. "दोन पावसाळे लोक मला चोर म्हणत होते, साहेब." मग म्हणाले, "नाना दरसाल यायचे. म्हणायचे, तो येईल. मी म्हणायचो, नाही येणार."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. उपरण्यानं तोंड पुसलं आणि एवढंच बोलले, "आज ते असायला हवे होते."